पाहुण्यांना लिफ्टपर्यंत

पाहुणा जायला निघाला की आमचे हे उठायचेच. दारातून "या हं पुन्हा" म्हणून भागायचं नाही. पायांत चपला सरकवून लिफ्टपर्यंत, नाहीतर थेट खाली गेटपर्यंत. तिथे पुन्हा अर्धा तास गप्पा. जन्म गेला सरकारी कारखान्यात यंत्रांशी डोकं लावण्यात, पण माणसांचा सोस दांडगा. मी वर एकटीच धुमसत बसायची.

मग झटका आला आणि डावं अंग गेलं. वाचा शाबूत राहिली, तेवढंच नशीब. फिजिओथेरपीला येणाऱ्या कानडी मुलीनं विचारलं, "अंकल, कुठपर्यंत चालायचंय?" हे म्हणाले, "लिफ्टपर्यंत." दुसरं काही मागायचंच नव्हतं त्यांना. रोज वॉकर धरून पॅसेजमध्ये घाम गाळायचे. ती मागून म्हणायची, "इन्नू स्वल्प, अंकल, अजून थोडं."

डॉक्टरांनी हाडांची तपासणी केली. म्हणाले, ज्या पायावर भार पडत नाही त्याचं हाड विरळ होत जातं. गोळ्या देतो, पण चालवा त्यांना. आणि त्याच दमात, "मात्र पडता कामा नये. हाड टिकणार नाही." आता बोला! पडायचं काय कुणी ठरवून पडतं? असा संताप आला मला. डॉक्टरांचं काही चुकलेलं नव्हतं, म्हणून तर जास्तच आला.

तरी चालले हो. एकदा लिफ्टपर्यंत पोचले, बटणसुद्धा स्वतः दाबलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी हेब्बाळहून त्यांचे एक जुने सहकारी आले. ते निघाले, म्हणून मी त्यांना द्यायला चिवड्याचा डबा आणायला आत गेले. तेवढ्यात हे उठले. वॉकर न घेता, सवयीनं. धड मोठा आवाजही झाला नाही. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. "वहिनी, मी बसा म्हणत होतो हो," एवढंच ते बिचारे पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

ऑपरेशन झालं, आत सळई घातली. आता डॉक्टर म्हणतात, लवकर उभं करा, पडून राहिले तर उरलंसुरलं हाडही जाईल. पण वॉकर दिसला की हे तोंड भिंतीकडे फिरवतात. ती मुलगी येते, समजावते, तशीच परत जाते.

काल मी ओरडलेच. "अहो, असे पडून राहिलात तर संपलंच की सगळं!"

"संपलंय गं," ते म्हणाले. "तिला फोन कर. येऊ नको म्हणावं."

मी भांडले, हातापाया पडले, नको नको ते बोलले. मग म्हणाले, "मला भीती वाटते."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी फोन लावला. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं.

"सरी, आंटी, ठीक आहे," ती म्हणाली. का म्हणून तिनं विचारलं नाही.