तिघे वर जाईपर्यंत भात नाही

भाचीच्या साखरपुड्यासाठी खारबावहून भिवंडीत कामतघरला बहिणीकडे निघालो, तेव्हा मी अन्न सोडलेलं होतं. १९७३चा मे महिना. अमेरिकेचं रिकामं अंतराळघर वर गेलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी त्यात राहायला तीन माणसं जाणार होती. ती सुखरूप निघेपर्यंत फक्त फळं, असा मी देवापुढे संकल्प केला. साखरपुडा त्याच्या पुढच्या दिवशी. बेत चोख होता.

एसटीतून निजामपुऱ्याला उतरलात तर टांग्यासाठी खोळंबू नका, चालत निघा. तिथे यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या खडखडाटात माणसं ओरडूनच बोलतात. भांडण समजू नका.

संध्याकाळी मेव्हण्यांच्या रेडिओने सांगितलं, वर जाताना घराचं ऊन अडवणारं आवरण तुटलं, आत भट्टी झालीय. माणसांचं जाणं पाच दिवस पुढे.

"पाचच का?"

"घर पुन्हा तसंच तिकडच्या तळाच्या डोक्यावर यायला पाच दिवस लागतात म्हणे," मेव्हणे म्हणाले.

आमच्यात मुलीच्या मामाने घास घेतल्याशिवाय पाहुणे जेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पंगतीत मी आंबा घेऊन बसलो. मुलाचे वडील लूमची देखभाल करणारे जॉबर. त्यांनी हात आखडला.

"मामांना स्थळ पसंत न्हाय काय?"

बहिणीचा चेहरा उतरला. मी खरं ते सांगितलं.

"तुमचे कोन लागतात ते?"

"कोणी नाही. पण वर जाताना कोणीतरी उपाशी असावं, असं वाटलं."

ते पानावरून उठले. "सुताचा बीम चढल्याबिगर आमी बी लूम चालवीत न्हाय. साखरपुड्याला पाच दिसांनी येतो." पाहुणे जेवण डब्यांत भरून घेऊन गेले.

दोनच दिवसांत बातमी आली, आणखी पाच दिवस. तिकडे उन्हासाठी कापडी छत्री शिवत होते.

"कापडच पाहिजे होतं तर भिवंडीला सांगायचं!" मेव्हणे म्हणाले. त्यांनी दोनदा शिफ्ट बदलून घेतली होती. तिसऱ्यांदा शेजारच्या लूमवाल्याने हात जोडले, "भाई, सगाई बेटी की है या रॉकेट की?"

बहीण मला म्हणाली, "दादा, पोरगी घरात राहिली तर तुझ्या देवालाच जावई शोधायला सांग!"

दहाव्या दिवशी पाहुणे पुन्हा आले. पानं वाढून सगळे रेडिओकडे बघत बसले. सातच्या बातम्यांत कळलं, तिघे निघाले. मी हात जोडले आणि घास उचलला.

"आता पोचतील कवा?" जॉबरांनी विचारलं.

बहिणीने रेडिओ बंद केला. "आधी जेवा!"

साखरपुडा झाला. घरी येऊन वाटलं, ते लवकर निघावेत अशी घाई मलाच होती. त्या तिघांना कोणी छत्रीशिवाय फाटक्या छपराखाली धाडलं नाही, हे बरंच झालं. तेव्हापासून देवाकडे काही मागताना मी "लवकर" म्हणत नाही.