जावेच्या खुराड्यातली तणीस

सालेकसाच्या जंगलाला लागून गोंडांचा एक लहानसा टोला, म्हणजे वाडी, होता, आणि त्या टोल्यात बायजाबाई ही घरातली थोरली सून होती. यातलं थोरलेपण ती स्वतः दिवसातून चारदा ऐकवायची. ते दिवस इंग्रजांचे. नवरा धनीराम जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर जायचा आणि घरी फारसं बोलायचा नाही. बोलायचं सगळं खातं बायजाबाईकडे होतं. कामाचा उरक दांडगा, हात सढळ, जिभेला धार. फक्त दुसऱ्याचं बरं झालेलं तिला बघवत नसे.

त्यातही धाकट्या जावेचं. रुख्माबाई, म्हणजे दीर चैतरामची बायको, त्याच अंगणात समोरच्या कुडाच्या घरात राहायची. तिचा स्वयंपाक बायजाबाई खपवून घ्यायची, तिचं नवं लुगडंही एक वेळ खपवून घ्यायची. कोंबड्या मात्र खपत नव्हत्या. बायजाबाईची पिल्लं घारीने न्यावीत, मांजराने न्यावीत, आणि रुख्माच्या भुरक्या कोंबडीने सगळं लटांबर मागे घेऊन अंगणभर हिंडावं, हे काय झालं?

"मालकिणीवर गेली हाय," बायजाबाई म्हणायची. "नुसतं मिरवायले पायजे."

त्या वर्षी ही जळजळ जास्तच वाढली, कारण पुसातली, म्हणजे पौष महिन्यातली, देवपूजा जवळ आली होती. या घराची रीत अशी की देवाला घरी वाढवलेला कोंबडाच द्यायचा, आणि तो थोरल्या सुनेच्या हातून, तिच्या खुराड्यातला. तिच्याकडे धड कोंबडा नसला तर मान धाकटीकडे जायचा, आणि एकदा गेलेला मान परत येत नसे. बायजाबाईने एक तांबडा कोंबडा राखून ठेवला होता. रुख्माकडेही एक तांबडा कोंबडा होता, आणि काय सांगावं, तो जास्त तांबडा होता.

धान कापून झालं, थंडी पडली, आणि मग भर हिवाळ्यात आभाळ भरून आलं. पाऊस धरला तो सुटेना. दोघींची खुराडी एकाच हाताने बांधलेली होती. बांबूच्या कामट्या, वर कवेलूंची कौलं, आणि फटींत कोंबलेली तणीस, म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा. आपल्या कोंबड्यांना गारठा लागतोय, या काळजीने बायजाबाईला चैन पडेना. एका सकाळी रुख्मा विहिरीवर गेलेली पाहून ती अंगण ओलांडून गेली, जावेच्या खुराड्यातली मूठभर तणीस ओढली आणि आणून आपल्या खुराड्यात कोंबली. आपल्यांना ऊब आणि तिच्यांना गारठा, एका खेपेत दोन्ही कामं झाली.

मग ते रोजचंच झालं. खालून तणीस काढली तर लगेच दिसेल, म्हणून ती वरून, छपराच्या कडेखालून काढायची. आपल्या खुराड्यात मात्र दिसेल त्या फटीत कोंबायची आणि वरून शेणाने लिंपून टाकायची. शेवटी तिथे वारा सोडा, मुंगीलाही शिरायला वाट उरली नाही.

"आत दम कोंडंल वो कोंबड्यायचा," धनीराम एकदा म्हणाला.

"तुमी चूप बसा," ती म्हणाली. तो बसला.

कोंबडी भिजून आत येते, आत शिटते, आत श्वास सोडते. ती सगळी ओल बायजाबाईच्या खुराड्यात अडकून पडली. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारी वाफ अंगावर यायची. कामट्या आतून ओल्या, खालची तणीस चिकट. कोंबड्या शिंकायला लागल्या, त्यांचे डोळे चिकटले, आणि एकेक कोपऱ्यात मान टाकून बसली. समोर रुख्माकडे ओल वरच्या फटींतून निघून जात होती, आणि वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जायचा, अंगाला लागायचा नाही. तिच्या कोंबड्या आतल्या आडव्या दांडीवर पिसं फुगवून एकमेकींना चिकटून बसायच्या आणि सकाळी कोरड्या पायांनी खाली उतरायच्या. हे बायजाबाईला दिसत होतं. तिने त्याचा एकच अर्थ काढला, तणीस अजून काढायला पाहिजे.

पूजेच्या आदल्या दिवशी तिचा तांबडा कोंबडा मेला. ती रडली, पण कोंबड्यासाठी नाही. उद्या सगळ्या भावकीसमोर रुख्मा तो मान घेणार, यासाठी रडली.

दुसऱ्या दिवशी भावकी जमली. म्हातारा सासरा कवडू म्हणाला, "आण वो थोरले, कोंबडा आण." बायजाबाई जागची हलली नाही. तेवढ्यात रुख्मा आपला कोंबडा घेऊन आली आणि तिने तो सरळ बायजाबाईच्या हातात दिला.

"हा बाईचाच हाय," ती सासऱ्याला म्हणाली. "माह्या खुराड्यात नुसता झोपायले होता. एवढ्या पावसात बाई रोज येऊन माही वरची तणीस मोकळी करून देत होती, म्हणून जगला. आपल्या कोंबड्यायकडे पाहायले तिले वेळच भेटला नाई."

"थोरली ते थोरलीच," कवडू म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बायजाबाईने तो कोंबडा देवाला दिला. थोरलेपण ऐकवायला मात्र ती त्या दिवशी विसरली.

संध्याकाळी रुख्मा भांडी घासत होती, तिथे ती जाऊन उभी राहिली.

"रुख्मे, तुह्या कोंबड्या मराव्या म्हणून काढत होतो मी."

"मालूम हाय," रुख्मा म्हणाली. "पह्यल्या दिवशी भांडायलेच निंगालो होतो. मंग खुराड्यात हात घालून पाह्यलो, तं सारं कोरडं. म्हटलो, काढू दे बाईले. विहिरीवर मुद्दाम थांबून राहत होतो मी."

"अन् माह्या मरून राहिल्या होत्या, तं सांगतली काऊन नाई?"

"सांगतलो असतो तं तू आयकली असती?"

बायजाबाईने खरोखर विचार करून पाहिला. ऐकलं नसतं.

"मंग आज मान कायले देल्ली?"

"मले याच अंगणात राहाचं हाय, बाई."

पुढे हिवाळ्यात पाऊस आला की टोल्यातल्या बायका आपली खुराडी दाखवायला बायजाबाईलाच बोलवायच्या. ती जायची, छपराखालची तणीस मोकळी करायची, खालची ओली झाडून कोरडी टाकायला लावायची, आणि कोंबड्या जगायच्या. तिचं नाव झालं. रुख्माच्या कोंबड्यांचा हेवा तिने त्या संध्याकाळीच सोडला होता. त्यानंतर तिला रुख्माचाच हेवा वाटायला लागला, आणि तो तिला मरेपर्यंत सोडता आला नाही.