वकील की सलोतरी

माझा मामा हिंगोलीच्या कोर्टात एका वकिलाकडं कारकून होता आणि जगातल्या बऱ्याच गोष्टींचा भाव त्याला तोंडपाठ होता. मी इंटर पास झाल्याची खबर आमच्या गावी, साखऱ्याला पोचली तेव्हा आबांच्या, म्हणजे वडलांच्या, आधी मामानंच गावात साखर वाटली. वाटता वाटता सांगूनही मोकळा झाला की भाचा आता बी. ए. करणार, मग वकिली करणार, आणि मग हिंगोलीत दुमजली घर बांधणार. घराला रंग कोणता द्यायचा तेवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं! मला राग तेव्हाही लवकर यायचा, आजही येतो, पण त्या दिवशी तोंडात मामाचीच साखर होती, म्हणून गप्प बसलो.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा होता तो. आमच्याकडं निजामाचं राज्य, शाळा उर्दूत, कोर्टही उर्दूत. घरी कोरडवाहू रान, त्यात ज्वारी, कापूस आणि तूर. थोरला भाऊ शेती बघायचा आणि शिकायला मी. आबांनी माझ्यापुढं सरळ सांगून ठेवलं होतं, "आनखी एका शिक्षनाचा खर्च झेपंल. एकदा धरलं की धरलं. मधीच सोडून दुसरं धरशील, तर मंग औतामागं चालायचं." म्हणजे जे काही ठरणार होतं ते त्याच सुट्टीत, आणि जन्मभरासाठी.

मला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं. हैदराबादेत त्याचं कॉलेज नुकतंच निघालं होतं. आमच्याकडं अशा डॉक्टराला सलोतरी म्हणत, आणि म्हणताना लोक जरा हसत.

हे वेड माझ्या डोक्यात शिरलं ते आदल्या दिवाळीच्या सुट्टीत. आसपासच्या गावांत बुळकांड्या आला होता. हा गुरांचा रोग एकदा गोठ्यात शिरला की अख्खी दावण रिकामी करायचा. सरकारनं एक सलोतरी पाठवला. घोड्यावर बसून आला बिचारा, सोबत लसीची पेटी. गावानं काय करावं? सगळी ढोरं ओढ्याच्या घळीत नेऊन लपवली! सुई टोचली की बैल वर्षभर जुवाखाली उभा राहत नाही, अशी कुणीतरी आवई उठवली होती. सलोतऱ्याला मराठी येईना, गावाला त्याची उर्दू कळेना. मग मलाच मधे उभं केलं. तो एक वाक्य बोलायचा, मी त्याची तीन करायचो, आणि त्यातली दोन माझी स्वतःची असायची. एका म्हाताऱ्यावर तर मी इतका ओरडलो की तो सलोतऱ्यालाच म्हणाला, "साहेब, तुमी टोचा, पर ह्या पोराला गप करा." शेवटी आबांनी आमची बैलजोडी पुढं आणली. "आधी माझी टोचा," म्हणाले. मग एकेक जण घळीतून वर यायला लागला.

दिवसभर मी वेसणी धरल्या, शिंगं धरली, लाथा खाल्ल्या. सलोतऱ्यानं मला बैलाचा कान हातात घेऊन ताप ओळखायला शिकवलं, डोळ्याची पापणी उलटून बघायला शिकवलं. संध्याकाळी माझे हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते, सदरा फाटला होता, आणि मला इतका आनंद झाला होता की जेवण जाईना. आमच्या गावची थोडीच जनावरं गेली. शेजारच्या गावात गोठेच्या गोठे ओस पडले.

सलोतरी निघताना मी त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेलो आणि हळूच पगार विचारला. तो हसला. "तनखा कम, इज्जत उससे कम," म्हणाला, "मगर नींद अच्छी आती, मियाँ." मग कॉलेजातून शिकून आलेल्याला जरा बरा पगार मिळतो असं सांगून त्यानं आकडाही सांगितला. बरा म्हणजे काय, तर मामाच्या वकिलाच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. तो आकडा मी गिळला आणि कुणाला सांगितला नाही.

मामा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं उन्हाळ्यात मला हिंगोलीला नेलं आणि रोज कोर्टात बसवलं, काम बघायला. वकीलसाहेब भला माणूस. काळी शेरवानी, तोंडात पान, बोलणं असं की समोरचा आपणहून मान डोलावायचा. त्यांनी मला एक जुना खरेदीखताचा कागद वाचायला दिला. मी घडाघडा वाचला आणि त्यात कुठं पाणी मुरतंय तेही दाखवलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. "लडका चलेगा," मामाला म्हणाले. मामाची छाती फुगली. आणि खोटं कशाला सांगू, माझीही फुगली! त्यांच्या घरी ग्रामोफोन होता, दारात स्वतःचा टांगा होता, त्यांच्या मुलांच्या पायात रोज जोडे असायचे. मला पैसा नको होता असं मुळीच नाही. मला ग्रामोफोन हवा होता. जोडे हवे होते. आमच्या मायच्या लुगड्याला जोड नसावा असं वाटत होतं. तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

पण दुपार झाली की माझ्या डोळ्यांवर झापड यायची. पुढची तारीख, मग त्याच्या पुढची तारीख. त्याच दोन भावांचा तोच बांध. कोर्टाबाहेर झाडाला बांधलेल्या बैलांकडंच माझं लक्ष. यातला कोणता लंगडतोय, कोणाच्या खांद्याला सूज आलीय, हे मी बघत बसायचो. मामानं एकदा मला असं पकडलं आणि कपाळाला हात लावला.

घरी आलो तर माय वेगळ्याच घोरात. "ढोराच्या डागतरला पोरगी कोन देईल रं?" तिनं विचारलं.

"पोरगी देनाऱ्याच्या घरीबी ढोरं असतीलच की," मी म्हणालो.

ती पदर तोंडाला लावून हसली, पण लगेच गंभीर झाली. "मेल्या ढोराला हात लावा लागंल का?"

"शिकताना लावा लागंल, माय."

ती उठून कामाला लागली. ती भांडली असती तर मीही भांडलो असतो. तिच्या गप्प बसण्यापुढं माझं काही चालेना. दोन-तीन दिवस मी स्वतःशीच म्हणत राहिलो की जाऊ दे, होऊ वकील, झोप काय सगळ्यांनाच येते.

मृग तोंडावर आलं होतं. आमच्या जोडीतला एक बैल थकला होता, म्हणून आबा हिंगोलीच्या बैलबाजाराला निघाले. मीही गाडीत बसलो. बाजारात आबांना एक लाल कंधारी गोऱ्हा पसंत पडला. ते त्याचा जबडा उघडून दात बघत होते, दलाल शेजारी उभा होता, तेवढ्यात मामा कोर्टातल्या दोघा ओळखीच्यांना घेऊन आला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हा आमचा भाचा. होनारा वकील."

माझं डोकं फिरलं. "मी वकील होनार न्हाई," मी म्हणालो. इतक्या जोरानं म्हणालो की गोऱ्हा दचकला.

"मंग काय होनार?"

"सलोतरी."

सगळे हसले. दलाल तर पोट धरून हसला. "बरं झालं," म्हणाला, "मालक, तुमी सरका. हे पोरगंच बघंल दात."

मामा मात्र हसला नाही. चार माणसांत त्याचं नाक कापलं गेलं होतं. "सांग की मंग," तो म्हणाला, "पगार किती असतो रं सलोतऱ्याला? मोठ्यानं सांग. समदे ऐकून राहिलेत. काहून गप झाला?"

आकडा मला ठाऊक होता. खरं सांगावं तर भर बाजारात आबांची मान खाली जाणार, त्यांच्या ओळखीची निम्मी माणसं तिथं होती. खोटं सांगावं तर ते आबांनाच सांगितल्यासारखं होणार. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिलो. आता रडू फुटतं की काय, असं झालं होतं.

आबांनी गोऱ्ह्याचा जबडा सोडला. धोतराला हात पुसले. "हिकडं ये," म्हणाले. माझा उजवा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि त्यावर खांद्यावरचं उपरणं टाकलं.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल कापडाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट म्हणजे दहा की शंभर, हे मालावरून दोघांनाही कळतं. कापड पडलं की आजूबाजूची माणसं आपोआप दोन पावलं मागं होतात आणि दुसरीकडं बघतात. तशी ती त्या दिवशीही झाली, सवयीनं. हसणं थांबलं. मामासुद्धा मागं सरकला.

"सलोतऱ्याचा पगार," आबा हळू म्हणाले. "खरा."

मी त्यांची बोटं धरून आकडा सांगितला. त्यांचा चेहरा हलला नाही. सौदा करताना तो कधीच हलायचा नाही.

"वकिलाचा?"

मी पुन्हा धरली. पंजा धरला, सोडला, परत धरला.

"आता पैसा न्हाई," आबा आणखी जवळ आले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "तुझा जीव सांग. वकिलीत किती?"

एकही बोट धरू नये असं वाटलं. पण वकीलसाहेबांनी पाठ थोपटली तेव्हा बरं वाटलं होतं, ग्रामोफोनही आठवला. मी एक बोट धरलं.

"आन ढोरांत?"

मी त्यांचा अख्खा पंजा धरला आणि असा आवळला की आबाच ओरडले, "अरं हळू! हात मोडतोस का काय?"

माणसं परत हसली. आबा हसले नाहीत. माझा हात हातात धरून तसेच उभे राहिले. घेणाऱ्यानं हात काढून घेतला की सौदा मोडला, टाळी दिली की पटला. मी आबांच्या तोंडाकडं बघत नव्हतो, उपरण्याकडं बघत होतो.

त्यांनी टाळी दिली.

"ठरलं," मोठ्यानं म्हणाले, आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"कितीला, दाजी?" मामा पुढं आला. "सांगा तरी, कितीला?"

आबांनी तोंड उघडायच्या आधी दलालच खवळला. मघाशी पोट धरून हसणारा हाच माणूस. "अवो पाव्हणं," म्हणाला, "कापडाखालचा भाव इचारतात का कधी? कोर्टात चालत आसंल, हितं न्हाई चालत!"

मामा तोंड वासून बघतच राहिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खिशातून पैसे काढून त्यानं मला भजी खाऊ घातली. वाईट नव्हता माझा मामा. त्याला माझं भलंच व्हावं असं वाटत होतं, फक्त ते दुमजली व्हावं असं वाटत होतं.

येताना गोऱ्हा गाडीमागं बांधला होता. आबांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "कमी हाय."

"व्हय."

"पर पोटापुरतं हाय. घर चालतं त्याच्यात. चालत नसतं तर हात काढून घेतला असता म्या, तुझा जीव कितीबी असू दे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "अवघड गेलं असतं, पर काढला असता." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि चालत्या गाडीत ते जमत नव्हतं.

घरी मायनं गोऱ्ह्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग आबांकडं वळली. मामाचा निरोप गाडीआधीच कुणाबरोबर तरी पोचला होता. "सलोतरी ठरलं म्हनं. पगार किती?"

"वकिलाच्या तोडीस तोड," आबांनी ठोकून दिलं. पापणीसुद्धा लवली नाही. मी बघतच राहिलो. ते तसेच गोठ्याकडं निघून गेले.

मी चुलीपाशी जाऊन बसलो. माय भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून तिनं वर पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कमी हाय ना रं पगार?"

मायशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "कमी हाय, माय."

"लई?"

"निम्म्याहून कमी."

तिनं भाकरी उलटली. मनात मी उत्तरं जुळवत होतो. तिनं मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं.

"मंग हसून काहून राहिला?"

मी तोंडाला हात लावून बघितला. खरंच, मी हसत होतो. मला पत्ताच नव्हता.

मायनं ती भाकरी माझ्या ताटात टाकली. "जा मंग," म्हणाली.