परातीतला समुद्र

यंदाच्या श्रावणात माझी कणीक मळायची परात स्वयंपाकघरात कमी आणि गॅलरीत जास्त होती. त्यात पाणी, पाण्याखाली एक जुना आरसा, आणि शेजारी उकिडवी बसलेली आमची कन्या तनया. वय सत्तावीस, शिक्षण इंजिनिअरिंग. ती पाण्याला बोट लावायची, छतावर उन्हाची जाळी थरथरायची आणि बाईसाहेब मोबाइलवर छताचं चित्रण करायच्या.

"तनया, परात."

"आई, थांब ना. ऊन जाईल."

"ऊन उद्या येईल. पोळ्या आज करायच्यात."

ऊन उद्या येईलच असं काही नव्हतं, श्रावणातलं ऊन उभ्या उभ्या येऊन जातं. मी निमूटपणे पातेल्यात कणीक मळायची. पातेल्यात कणीक मळून पाहा एकदा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

तनया मोशन ग्राफिक्स करते. म्हणजे काय, हे मला अजून नातेवाइकांना धड सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर हलती चित्रं करते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे कार्टून?" खराडीतल्या एका कंपनीत ती जाहिरातींमधली अक्षरं उडवायची. जूनमध्ये नोकरी सोडून आली. कारण काय, तर अक्षरं उडवून कंटाळा आला. कंटाळा आला म्हणून नोकऱ्या सोडायच्या असत्या, तर आमच्या पिढीत निम्मं पुणं घरी बसलं असतं. तिचा साहेब मात्र भला माणूस. "गणपतीपर्यंत जागा ठेवतो, मग कळव," म्हणाला. मी तेवढ्याच आशेवर होते.

आणि हिने घेतलं काय काम, तर आमच्याच गल्लीतल्या मंडळाचा देखावा. समुद्राचा तळ, कापडाची गुहा, भलामोठा शिंपला, त्यात गणपती आणि सगळ्यावर पाण्याखाली असतो तसा हलता उजेड. हे काम जमलं तर आणखी मंडळं बोलावतील, कोणाच्या नोकरीची गरज राहणार नाही, असा हिचा हिशेब.

"निळे बल्ब लावा की," आमचे श्रीनिवास पेपरमागून म्हणाले. "गेल्या वर्षी हिमालयाला लावले होते, तेच."

"बाबा, तुम्ही नका बोलू."

त्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचा तयार परिणाम मिळतो म्हणे. एक कळ दाबायची, झालं. पण तो हिला चालेना. "हे पाणी नाही, हलणारी मच्छरदाणी आहे." मग ही आधी ढगांसारखा काळा-पांढरा गोंधळ तयार करणार, तो पिळून पिळून त्याच्या उजेडाच्या रेघा करणार, तसे दोन थर एकावर एक ठेवून उलट दिशांना सोडणार, आणि परातीचं चित्रण शेजारी लावून ताडून पाहणार. प्रत्येक वेळी आम्हाला हाक.

"आता बघ."

"छान आहे."

"मघापेक्षा?"

"मघाचंही छान होतं."

"तू बघतच नाहीस!"

डोळे फुटेस्तोवर बघत होते मी. आंघोळीच्या बादलीतसुद्धा मला त्या रेघा दिसायला लागल्या होत्या.

प्रतिष्ठापना झाली तरी देखावा तयार नसणं ही पेठेतली परंपराच आहे. तिसऱ्या दिवशी आरती झाल्यावर मंडपाचा पडदा ओढला आणि चाचणी ठरली. दरवर्षी मंडळाचे दिवे लावणाऱ्या बुधवार पेठेतल्या इम्तियाजने प्रोजेक्टर वर बांबूला बांधला होता. मलाही बोलावलं होतं. नसतं बोलावलं तर बरं झालं असतं.

दिवे बंद झाले आणि गुहा खरोखर पाण्यात गेली. कापडाच्या खडकांवरून उजेड सावकाश सरकत होता. मला गुदमरल्यासारखं झालं, इतकं ते खरं होतं. कोणीतरी शिट्टी मारली. मग माझी नजर मूर्तीच्या चेहऱ्याकडे गेली. त्याच रेघा सोंडेवरून, डोळ्यांवरून, मुकुटावरून हलत होत्या. घरी हिच्याकडे गुहेचे फोटो होते, मूर्ती कुठे होती?

"अगंबाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज काही बारीक नाही, "हे तर विसर्जन झाल्यासारखं दिसतंय!"

मंडळाचे अध्यक्ष बापूराव पुढे आले, मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, तुम्ही बोललात आणि आता ते दिसायचं थांबत नाही."

"सर, मी करते काहीतरी," तनया म्हणाली.

"कर. पण तिसऱ्या दिवशी बाप्पा बुडवला, असं पेठेत व्हायला नको. उद्या संध्याकाळी लोक येतील. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर निळे बल्ब आहेत."

तनया माझ्याकडे वळली. ओरडली असती तर परवडलं असतं. "आई, तू घरी जा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन मी गेले, ती तोंडाला कुलूप लावून. मंडपातच खुर्चीवर लॅपटॉप ठेवून ती मूर्तीची कडा माउसने गिरवत होती, कान, सोंड, मोदकाचा हात. तेवढ्या जागेत उजेड येऊच द्यायचा नव्हता. मूर्तीवर इम्तियाजने वेगळा साधा दिवा सोडला. पहिल्यांदा गणपती कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसला. मी ओठ मिटून धरले. मग तिने कडा मऊ केल्या आणि मूर्तीजवळच्या रेघा इतक्या मंद केल्या की पाणी जवळ येऊन थबकतं आहे असं वाटावं.

बापूरावांनी समोरून बघितलं, बाजूने बघितलं. "पाणी अदबीने उभं आहे," ते म्हणाले. "चालेल."

पुण्यात "चालेल" म्हणजे काय, ते बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे.

अनंत चतुर्दशीला मूर्ती रथावर न्यायला उचलली. सगळे ढोलांकडे धावले. प्रोजेक्टर बंद करायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. मी चपला शोधत मागे राहिले होते. वळून पाहिलं, तर मागच्या पडद्यावर सगळीकडे पाणी हलत होतं आणि मधोमध तेवढीच जागा कोरडी होती. कान, सोंड, मोदकाचा हात. बापूराव दारात थांबले होते. त्यांनी त्या रिकाम्या जागेला हात जोडले.

तनया लॅपटॉपपाशी गेली. तिने गिरवलेली कडा काढून टाकली आणि पाणी हळूहळू आत आलं.

मी चपला पायात सरकवल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर मात्र विचारलंच. "खराडीला फोन केलास?"

"केला."

"मग?"

"नको म्हणून सांगितलं. आई, बापूरावांनी शेजारच्या मंडळाला माझा नंबर दिलाय. त्यांना पुढच्या वर्षी जंगलातली आग हवीये."

आग! म्हणजे आता माझी कढई जाणार. डोकं फिरायची वेळ आहे. उद्या भांडी आळीत जाऊन नवी परात आणते. जुनी गॅलरीतच राहू दे, पाण्यासकट.