मनीषाने पाहिलेल्या शाळा

भावाचा फोन आला तेव्हा मी माझ्या मुलीच्या, सईच्या, नाशिकमधल्या इंग्रजी शाळेत गणवेशाच्या रांगेत उभी होते. "ताई, मनीषा गेली," एवढंच संदीप म्हणाला. मागून कुणीतरी म्हणालं, पुढे सरका ना… आणि मी सरकले. गणवेश घेतला, माप बरोबर आहे का तेही पाहिलं, आणि मग दवाखान्यात गेले. मनीषा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिशी नुकती ओलांडली होती. महिना उलटून गेला, तरी तिची आठवण मला त्या रांगेपासूनच सुरू होते. कारण सांगायचं तर जिवावर येतं, पण सांगितल्याशिवाय सुटकाही नाही.

गिरणारे रस्त्याला संदीपचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे दोघं फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात जायचे, दहापर्यंत परत यायचे. मनीषा दहावी नापास. पण गेल्या दिवाळीपासून तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता : लेकीला, चैतालीला, पहिलीत कुठं घालायचं? मळ्यापर्यंत पिवळी व्हॅन पाठवणारी पत्र्याच्या शेडमधली इंग्रजी शाळा होती. शहरातली जुनी मराठी शाळा होती. सोडतीत नंबर लागला तर फुकट प्रवेश देणारी मोठी शाळा होती. आणि गावातली जिल्हा परिषदेची शाळा होती, जिथे मी सोळा वर्षं शिकवते. लोक अशा वेळी फी विचारतात, शेजाऱ्याचं पोर कुठं जातं ते बघतात. मनीषाची तऱ्हाच वेगळी. मळ्यातलं काम उरकलं की ती बाजारातून उरलेल्या फुलांचे गजरे टोपलीत घालून एकेका शाळेच्या फाटकाशी जायची आणि सुटण्याच्या वेळेला उभी राहायची. गजरे विकायचे हे निमित्त. खरं काम बघायचं.

"पोरं आत जाताना बघून काय कळणार ताई? आत तर आपणच ढकलतो. बाहेर कशी येत्यात ते बघायचं," ती म्हणायची.

मी हसायचे. "तुला साहेबच करायला हवं शिक्षण खात्यात," असंही म्हणाले होते. तीही हसली, पण गेटवरच्या मामाकडून माहितीपत्रक मागून आणणं तिने सोडलं नाही. त्याच्या मागे पेनाने चार ओळी लिहायची आणि सगळी पत्रकं साडीच्या दुकानातल्या एका पिशवीत घालून ती पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगायची. आमचंही पत्रक त्यात गेलं. पट कमी झाला की शिक्षक कमी होतो, म्हणून आम्ही शिक्षक दर उन्हाळ्यात वर्गणी काढून पत्रकं छापतो आणि दारोदार हिंडतो. "आमच्या शाळेत घाल की. मी आहे ना!" मी तिला म्हणाले होते. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे चैताली नव्हती, हजेरीपटावरचा आकडा होता. मनीषाने पत्रकाची नीट घडी घातली. "बघू ना ताई," म्हणाली. बस. माझी सई रोज सकाळी शहरातल्या शाळेच्या बसमध्ये चढते, हे तिला माहीत नव्हतं थोडंच! पण ती त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही.

शेवटी तिचं मन त्या मोठ्या शाळेवर बसलं. सोडतीचा फॉर्म भरायला ती माझ्याकडे आली, कारण घरात शिकलेली मीच. मोबाईलवर नकाशा उघडला. घर जिथे असेल तिथे लाल फुगा ठेवायचा. मी तो मळ्यावर ठेवला. ठेवणार नाही तर काय? चूल तिथे, अंथरूण तिथे. आमच्या भागात प्रत्येक घराला दोन पत्ते असतात : रेशनकार्ड गावातल्या जुन्या घराचं आणि संसार मळ्यातला. लग्नाची पत्रिका गावात येते आणि पाहुणे मळ्यात येतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

नंबर लागला! मनीषाने मारुतीला एवढा मोठा हार घातला की मूर्तीचं तोंड दिसेना. आणि पडताळणीच्या टेबलावर सगळं अडलं. कार्डावर गाव, नकाशावर मळा, आणि गावातल्या घरापासून शाळा सोडतीसाठी ठरवलेल्या अंतरात बसत नव्हती. मळ्यातच राहतो असा दाखला आणा, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. चूक माझ्या बोटाची होती. सोळा वर्षं लोकांचे फॉर्म तपासणाऱ्या बाईला कार्डावरचा पत्ता बघून दाखला आधीच काढून ठेवायला सुचलं नाही.

मुदत थोडी होती. मनीषा तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे, पुन्हा तलाठ्याकडे उन्हातान्हात फिरत राहिली. मी फोनवरून सूचना द्यायचे. एक दिवस तिचा आवाज बसलेला वाटला. "ताप हाय थोडा. गोळी घेतली," म्हणाली. आणि मी म्हणाले, "अगं, उद्या झोप हवं तर. आज जाऊन ये, मुदत संपेल." हे वाक्य मी बोलले. माझ्याच तोंडाने बोलले… ताप तिने चार दिवस अंगावर काढला. दाखला हातात पडला, पण मुदत उलटल्यावर. त्याच दिवशी ती तलाठी कार्यालयाच्या बाकावरून खाली कोसळली. दवाखान्यात नेलं तोवर जंतू रक्तात पसरले होते. मी भेटायला गेले तर ओठ सुकलेले, डोळे मात्र माझ्यावरच.

"ताई, मुदत वाढली का?"

"वाढली," मी म्हणाले. तिने डोळे मिटले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

शाळा उघडल्या. चैताली मळ्यातच होती. संदीप म्हणाला, "ताई, तूच सांग आता. मला त्यातलं काय बी कळत नाय. ती बघायची सगळं." मी पिशवी खाली काढली. चैताली माझ्या मांडीला टेकून बसली आणि म्हणाली, "आत्या, आईने काय लिहिलंय? वाच ना."

मी एकेक पत्रक उलटं करून वाचलं. शेडमधल्या शाळेमागे : 'पोरं लाईनीत येतात, बोलत नाहीत. मुलींच्या बाथरूमला कडी नाही.' मराठी शाळेमागे : 'बाई नावाने हाक मारतात. रस्ता लय वाईट.' मोठ्या शाळेमागे : 'झाडं खूप. गेटवरचा मामा पोरांच्या वॉटरबॅगा उचलून देतो.' चैताली प्रत्येक ओळीला मान हलवत होती, आई समोर बसून सांगतेय अशी.

मग आमचं पत्रक निघालं. माझ्या शाळेच्या फाटकाशी ती कधी उभी राहिली, मला पत्ताच नव्हता. मी वाचू लागले. 'पोरं पळत येतात. पाणी गार हाय. कडी हाय. ताई वर्गात लय हसतात, घरी एवढ्या हसत नाहीत.' खाली आणखी एक ओळ होती. 'सईला इथं का नाय घातलं, ताईंना विचारायचं.'

"संपलं?" चैतालीने विचारलं.

"संपलं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव माझ्या वर्गात घातलं. दुसरी वाटच उरली नव्हती. ती पहिल्या रांगेत बसते, बाराखडी भराभर उचलते, सुटल्यावर पळत बाहेर येते. पिशवी मी परत त्याच खिळ्याला अडकवली आहे. स्टुलावर चढली तर तिचा हात पोचतो. दिवाळीपर्यंत तिला सगळं वाचता येईल. मीच शिकवते आहे.