बाईंचा दुपारचा घास

माझी आई लातूरच्या मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. शाळा म्हणजे गंजाच्या, धान्याच्या बाजाराच्या, मागं भाड्यानं घेतलेलं एक लांबट घर आणि त्याच्यापुढं अंगण. मी अगदी लहान असताना वडील गेले, तेव्हापासून आम्ही मामाकडे राहत होतो. आईला नोकरी करू द्यावी का, यावर त्या घरात पुष्कळ बोलणं झालं. अखेर मुलींचीच शाळा आहे, म्हणून मामानं होकार दिला. मी तिच्याच वर्गात होते. शाळेत मीही तिला 'बाई'च म्हणायचे.

वर्गातल्या मुली दुपारी पेंगायच्या. कितीतरी जणींच्या ओठांचे कोपरे चिरलेले असायचे. काहींना दिवेलागणीला नीट दिसायचं नाही, त्या भिंतीला हात लावत चालायच्या. आईनं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की बाटलीतल्या औषधापेक्षा पोरींना पालेभाजी खायला घाला.

आईनं ते मनावर घेतलं. मुली फडक्यात भाकरी आणि तिखट बांधून आणायच्या. पैसेवाल्यांच्या असल्या तर पोळी आणि गूळ. आईनं सांगितलं, उद्यापासून भाकरीबरोबर काहीतरी हिरवं पाहिजे. पाथरी, चिघळ, तांदुळजा, करडईची कोवळी पानं, जे मिळेल ते. गावातल्या मुलींनी नाकं मुरडली. तो पाला शेतात निंदताना उपटायचा, तो काय पोळीबरोबर खायचा? मग आईनं युक्ती केली. दुपारी सगळ्यांना अंगणात जेवायला बसवून ती स्वतः फिरून बघायची. जिच्या फडक्यात भाजी असेल, किंवा कच्च्या पाल्यात कांदा आणि दाण्याचा कूट घालून केलेला घोळाणा असेल, तिला दुपारी पुस्तकातलं पहिलं वाचायला मिळायचं. बघता बघता मुलींत चढाओढ लागली. बसायच्या मात्र जातवार, आपापल्या घोळक्यानं. ते मोडायची हिंमत आईलाही नव्हती.

आणि आई स्वतः काही खात नव्हती. विधवेनं दिवसातून एकदाच जेवायचं, तेही घरी, आंघोळ करून, सोवळ्यात. मामाच्या घरची ती रीत होती. शाळा सुटल्यावर घरी येऊन स्नान करीपर्यंत तिच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नसे. मुलींनी विचारलं तर ती हसून म्हणायची, उपास आहे. सोमवारी उपास, मंगळवारी उपास, सगळ्याच वारी उपास.

वर्गात मळ्यातून चालत येणारी एक मुलगी होती, शेतकऱ्याची. तिचा आईवर भारी जीव. आईसारखा पदर खोचायची, आईसारखी मान तिरकी करून पाटीवर लिहायची. चैत्राच्या उन्हात एके दुपारी पाढे म्हणता म्हणता ती उभ्या जागी कोसळली. आईनं धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी शिंपडलं. कुणीतरी तिचं फडकं सोडलं. भाकरी आणि भाजी जशीच्या तशी होती.

आईनं विचारलं, का गं जेवली नाहीस.

"उपास हाय," ती डोळे न उघडताच म्हणाली.

"कशाचा?"

"तुमच्यावानी. रोजचा."

मग एकेकीनं तोंड उघडलं. आई बघून पुढं गेली की आणखी काही मुली आपल्या भाकरी शाळेमागच्या परसात चरणाऱ्या शेळ्यांना घालत होत्या. शहाण्या बायका दुपारी खात नाहीत, असं त्यांचं आपसात ठरलं होतं. भाजी आणायची ती बाईंना दाखवायला आणि पहिलं वाचायला मिळावं म्हणून. आईचा चेहरा उतरला. चोरी सापडलेल्या माणसासारखी ती खाली बघत राहिली. तिचा उपास कसला असतो ते वर्गात फक्त मला माहीत होतं, त्यामुळं मलाही मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीची आई शाळेत आली. डोईवर पाटी, पाटीत झाकलेलं जेवण. ती भांडायला आली असं आम्हाला वाटलं. पण ती अंगणाच्या कडेला बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, पोरगी उपास करून राहिली. मारलं, समजावलं, ऐकत न्हाई. म्हणती, बाई जेवत न्हाईत. तुमी खाल्लं तर ती खाईल."

आईनं तिला समजावलं, की मी घरी जेवते, आमच्यात असं असतं.

"तुमच्यात आसंल," ती बाई म्हणाली. "माझ्या लेकराला काय कळतंय?"

तिनं भाकरीवर पाथरीची भाजी घालून पुढं केली. पुढं केली खरी, पण हात निम्म्यातच थांबवला. आपल्या घरचं हे बामणाच्या बाईला चालणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. सगळ्या मुली बघत होत्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला विचारावं तसं पाहिलं. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

आईनं भाकरी घेतली. पहिला घास बराच वेळ तिच्या तोंडात फिरत होता. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्या बाईनं विचारलं, लई तिखट झालं का. आईनं मानेनंच नाही म्हटलं. घास गिळून तिनं विचारलं, "भाजीत काय घातलंत?" आणि मुलीला जवळ बसवून उरलेली भाकरी दोघींनी संपवली.

आम्ही घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. मामा आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. त्यानं एवढंच सांगितलं, की अक्का, आता तुझी चूल ओसरीवर. ओसरी रस्त्याला लागून होती. येणारा जाणारा वाकून बघायचा, आणि मी धुराच्या आडोशाला तोंड लपवून बसायचे. पहिल्याच संध्याकाळी मी आईला म्हटलं, उद्यापासून शाळेत खाऊ नको, मामा आत घेईल आपल्याला.

ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "लाज मलाही वाटते गं. त्या पोरींना मी रोज खोटं सांगितलं, आणि त्यांनी ते खरं धरलं."

ती रोज दुपारी मुलींत बसून जेवू लागली. मळ्यातली मुलगी तिच्या शेजारी बसायची. पावसाळा सरेपर्यंत तिचे ओठ बरे झाले, इतर मुलींचं पेंगणं कमी झालं. दोन-तीन मोठ्या घरांनी आपल्या मुली शाळेतून काढून घेतल्या. मी अंगणात जेवायचे, पण आईकडे पाठ करून.

त्या वर्षी आईची तब्येत सुधारली. गालांची हाडं दिसेनाशी झाली, चालणं भरभर झालं. गंजातल्या बायका ते बघून एकमेकींना खुणावायच्या. एकदा एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाली, नवरा गेलेली बाई, आणि अंगावर बघा कशी तुकतुकी आलीय. त्या दिवसापासून आईबरोबर बाजारात जायचं म्हटलं की मी दोन पावलं मागं राहायचे. तिनं हाक मारली की चालल्यासारखं करायचे आणि पुन्हा मागं पडायचे. तिला ते कळत असणार. ती हाका मारत राहायची, भाजीवालीपाशी थांबून माझी वाट बघायची, आणि मी पोचले की चिघळीची जुडी माझ्या हातात द्यायची.