टाकीवर चढलेला परब

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या प्लाटूनला मुंबईच्या उपनगरातल्या एका लष्करी डेपोच्या पहाऱ्यावर पाठवलं. मी नाईक होतो, वायरलेस सेट सांभाळायचो. कुंपणापलीकडे आरे कॉलनीचं जंगल. सकाळी पीटी, मग गार्ड ड्युटी, संध्याकाळी रोल कॉल. सीमेवरून आलेल्या आम्हाला हा आरामच होता.

लान्स नाईक दत्ताराम परब मालवणकडचा. त्याची आई आणि बायको सुलभा मरोळच्या चाळीत राहायच्या. हसरा गडी, उत्तम नेमबाज. त्या वर्षी तो गप्प होत गेला. ताट हुंगून बाजूला सारायचा, एकटाच बोलायचा. कोणी म्हणे रजेसाठी नाटक करतोय, कोणी म्हणे जंगलातलं काहीतरी लागलंय.

एका दुपारी तो भरलेली रायफल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला. मी सेटवर कळवलं.

"परब टाकीवर. रायफल भरलेली. ओव्हर."

उत्तर आमच्या प्लाटूनचे प्रमुख, सुभेदार विठ्ठल जगतापसाहेब यांचं आलं. "कोणी शस्त्र उचलायचं नाही. मी येतोय. आउट."

साहेबांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि शिडी चढले. वरचं बोलणं मला खाली ऐकू येत होतं.

"काय ऐकू येतंय, परब?"

"सेटवर माजाच नाव घेतत, साहेब. माका मारूक येतत."

"मला ऐकू येत नाही. पण तुला येतंय, हे खरं. भीती वाटत असेल."

परब रडायला लागला. बऱ्याच वेळाने त्याने रायफल साहेबांकडे दिली.

लष्करी इस्पितळात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. रोल कॉलला साहेबांनी ते आम्हा सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. मलेरियाला कोणी नाटक म्हणत नाही, यालाही म्हणायचं नाही, असं बजावलं. मग मला घेऊन मरोळला गेले. परबची आई देवाला कौल लावणार होती. साहेब म्हणाले, "कौल लावा आई, पण गोळ्या थांबवू नका."

परब फौजेतून पेन्शनवर सुटला आणि आरेत म्हशींच्या तबेल्यावर लागला. मध्ये एकदा त्याने गोळ्या सोडल्या. तो ताट हुंगायला लागताच सुलभाने ओळखलं आणि त्याला इस्पितळात नेलं. पुढे त्यांना मुलगी झाली. संसार नीट चालला.

दशक संपता संपता, भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत असताना, साहेब सुरुंगाच्या स्फोटात गेले. बातमी सांगायला मी आरेत गेलो. परबला ती झेपेल का, याची धास्ती होती. त्याने दुधाची बादली खाली ठेवली, सावधान उभा राहिला, सॅल्यूट केला.

"साहेबांनी माका खोटो ठरवल्यानी नाय," एवढंच बोलला. मग मलाच घरी नेऊन चहा पाजला.

आजही भेटलो की आम्ही साहेबांचं नाव हुद्द्यासकट, पुरं घेतो. सुभेदार विठ्ठल जगताप.